खापराच्या पाठीवरची शाई : विद्यापीठीय संग्रहालय आणि मराठीचा अभ्यास

मराठी साहित्याच्या अध्यापकाने वस्तुसंग्रहालयाविषयी लिहावे, हे काही अभ्यासकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. आपल्या विद्यापीठांतून ज्ञानशाखांच्या सीमा इतक्या पक्क्या आखल्या गेल्या आहेत की, शिळा, नाणी आणि खापरे ही पुरातत्त्ववाल्यांची आणि शब्द तेवढे आमचे, अशी वाटणी आपण कधीचीच मान्य करून टाकली आहे. ही वाटणी मराठीच्या अभ्यासाला हानिकारक ठरली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. हे मत ग्रंथ वाचून बनलेले नाही. एका लहानशा विद्यापीठीय संग्रहालयाला दिलेल्या भेटीतून ते बनले आहे. म्हणून आधी त्या भेटीचा वृत्तांत देणे आवश्यक वाटते.

लाखनीहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गावर असल्यामुळे गाव तसे आडवळणाचे नाही. तरीही आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी नागपूर पाहिले ते परीक्षेचा अर्ज, नोकरीची मुलाखत किंवा दवाखाना या निमित्ताने. १८६३ साली स्थापन झालेले आणि ‘अजब बंगला’ या नावाने वऱ्हाड-झाडीत सर्वतोमुखी असलेले मध्यवर्ती संग्रहालय काहींनी लहानपणी पाहिले होते. परंतु ज्या विद्यापीठाच्या पदवीसाठी ते अभ्यास करीत होते, त्याच विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे स्वतःचा एक संग्रह आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्रांजळपणे सांगायचे तर पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. अशी सर्व वर्षे त्याच विद्यापीठाशी संबंध असूनही या संग्रहात मी कधी पाऊल ठेवले नव्हते. माझ्या वाटा मराठी विभाग आणि ग्रंथालय यांच्यामध्येच संपत होत्या.

विद्यापीठीय संग्रह हा मोठ्या संग्रहालयाची लहान प्रतिकृती नसतो. त्याचा हेतूच वेगळा असतो. तेथील वस्तू पाहुण्यांनी थक्क व्हावे म्हणून मांडलेल्या नसून विद्यार्थ्याने शिकावे म्हणून राखलेल्या असतात. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा येथे, १९६९-७० मध्ये पवनी येथे आणि १९७० ते १९७२ या काळात माहुरझरी येथे झालेल्या उत्खननांमागे हेच विद्यापीठ होते. पवनीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने झाले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा वृत्तान्त सिद्ध केला, व विद्यापीठाने तो १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पवनी आमच्याच भंडारा जिल्ह्यातील. वैनगंगेच्या काठी तटबंदी आणि खंदक असलेले ते प्राचीन नगर. तेथील जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख असलेले वेदिकास्तंभ प्रकाशात आले. आमच्या जिल्ह्याला लिखित शब्दाची परंपरा किती दूरची आहे, याचा तो दगडी पुरावा होय.

संग्रहातील मांडणी साधी होती. आम्ही कपाटांपुढून फिरत असता तेथील अध्यापकांनी पवनीच्या उत्खननातील काही खापरे एका पेटीतून काढून मेजावर ठेवली आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिली. आमच्या वर्गातील पवनी तालुक्यातील एक विद्यार्थी एकदम म्हणाला, “सर, असे खापरं त आमच्या बांधीत नांगरतानी खूप निघतात. आम्ही धुऱ्यावर फेकून देतो.” सगळे हसले. अध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी ते खापर उलटे करून दाखवले. त्याच्या पाठीवर काळ्या शाईने बारीक अक्षरांत काही लिहिलेले होते : स्थळाचे आद्याक्षर, खंदकाचा क्रमांक, थराचा क्रमांक. ते म्हणाले, “तुमच्या बांधीतले खापर याच्याइतकेच जुने असेल. पण ते कुठल्या थरातून वर आले, त्याच्यासोबत काय होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ही शाई पुसली गेली, तर हेही तुमच्या धुऱ्यावरचे खापर होईल.”

या एका वाक्यापाशी मला थांबावे लागले, कारण ते मला वैयक्तिकरीत्या लागू होते.

प्रस्तुत लेखकाच्या प्रबंधाला या परिसरातील स्त्रीगीतांचे एक परिशिष्ट जोडलेले आहे. लाखनी आणि साकोलीच्या आसपासच्या गावांतून हिंडून, जात्यावर आणि रोवणीच्या वेळी म्हटली जाणारी ही गीते मी गोळा केली. त्यांच्यातील छंद, प्रतिमा आणि नातेसंबंध यांचे विवेचन केले. परीक्षकांनी परिशिष्टाचे कौतुकही केले. परंतु कोणते गीत कोणत्या गावात, कोणत्या स्त्रीने, कोणत्या प्रसंगी म्हटले, याची नोंद मी केली नाही. कच्च्या वह्यांत कोठे कोठे ‘एक म्हातारी’ एवढेच लिहिलेले आढळते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने परिशिष्टातील एक गीत दाखवून विचारले, “सर, हे माझ्या आजीने सांगितलेलं आहे का? आमच्या घरी ती हेच म्हणायची.” त्या गावी मी गेलो होतो, हे मला आठवत होते. तिच्या आजीला भेटलो होतो की नाही, हे सांगता आले नाही. आजी तोवर हयात नव्हती. ती मुलगी काही न बोलता निघून गेली. माझ्या परिशिष्टातील सर्व गीते ही धुऱ्यावरची खापरे आहेत, हे त्या दिवशी मला कळले नव्हते. ते नागपूरच्या त्या मेजापाशी कळले.

आता या अनुभवातून निघणाऱ्या प्रश्नाकडे वळू.

आपल्या विभागांतून लोकसाहित्य आणि बोली यांवर दरवर्षी लघुप्रबंध आणि प्रबंध सादर होतात. झाडीबोली, दंडार, महादेवाची गाणी हे विषय आमच्या भागात विशेष प्रिय आहेत, आणि ते असणे योग्यच आहे. परंतु यांपैकी किती संकलनांत सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, प्रसंग आणि तारीख आढळते? सामग्री ‘लोकांची’ आहे, म्हणून ती कोणा एकाची नाही, असा एक सोयीचा समज आपण करून घेतला आहे. लोकसाहित्याला ‘अनामिक’ म्हणणे ही संकल्पना पुष्कळदा संशोधकाच्या आळसाला पांघरूण घालते. पुरातत्त्वाचा विद्यार्थी पहिल्याच उत्खननात शिकतो की, वस्तूपेक्षा वस्तूचा संदर्भ अधिक मोलाचा. साहित्याचा विद्यार्थी हे पीएच.डी. झाल्यावरही शिकत नाही. निदान मी शिकलो नव्हतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ही शिस्त आपल्याकडे परकी आहे आणि साहित्य हा आस्वादाचा विषय आहे. पहिला भाग तर सरळ चुकीचा आहे. मराठी गद्याचा प्रारंभच या शिस्तीने झाला. म्हाइंभटांनी लीळा जमवताना ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन त्या तपासून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. मूळ ग्रंथ धामधुमीत नष्ट झाल्यावर स्मरणाने तो पुन्हा सिद्ध करावा लागला, तेव्हा कोणत्या लीळेचा कोणता पाठ कोणाचा, याची जाणीव त्या पंथाने टिकवली. ‘स्थानपोथी’ तर चक्रधरस्वामी कोठे राहिले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, आसन कोठे होते, याची गावोगावची नोंदच आहे. ज्या वस्तूला आणि जागेला स्पर्श झाला, तिचे स्थान विसरू द्यायचे नाही, हा त्यामागील भाव श्रद्धेचा आहे. त्याची पद्धत मात्र संग्रहालयाच्या नोंदवहीची आहे. स्वामींच्या भ्रमणात आमचे भंडाराही येते. तेव्हा जी गोष्ट तेराव्या-चौदाव्या शतकात आपल्या प्रदेशात भिक्षू करीत होते, ती आज आपल्याला परकी वाटावी, हे विचार करण्यासारखे आहे.

नागपूरच्या परंपरेपुरते बोलायचे तर ही फारकत अलीकडची आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी कालिदासावर मराठीत ग्रंथ लिहिला, आणि पवनीच्या भगदत्त राजाचा शिलालेखही त्यांनीच वाचून प्रसिद्ध केला. डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘स्थानपोथी’ संपादिली, १९७८ मध्ये ‘लीळाचरित्रा’ची संहिता पाठभेदांसह सिद्ध केली, आणि ताम्रपट व शिलालेख यांच्या वाचनावरही परिश्रम घेतले. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे पवनीला विद्यापीठाची कुदळ पडली, तेव्हा विद्यापीठाच्या शिरोभागी एक मराठीचा प्राध्यापक बसलेला होता. पोथीतील पाठभेद टिपणारा अभ्यासक आणि मातीचा थर टिपणारा अभ्यासक यांच्या कामात मूलतः भेद नाही, हे या पिढीला सांगावे लागत नव्हते.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. पवनीचे लेख प्राकृत आहेत, मराठी नव्हेत. मग त्यांच्याशी मराठीच्या विद्यार्थ्याचा संबंध काय? येथे सावधपणे बोलले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून दोन हजार वर्षांचा उल्लेख भाषणाभाषणांतून होऊ लागला आहे. जे जे प्राकृत ते ते मराठीच, असे म्हणण्याची घाईही दिसते. मला ती घाई मान्य नाही. पवनीच्या लेखांना मराठी म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या भूमीत पुढे मराठी बोलली जाऊ लागली, त्या भूमीतील माणसांनी आपले दान आणि आपले नाव दगडावर लिहून ठेवण्याची गरज मानली, ही वाङ्मयेतिहासाची घटना आहे. आपला विद्यार्थी आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, एवढे स्पर्धापरीक्षेसाठी पाठ करतो. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या ग्रंथाचे नावही त्याला येते. कोरलेले अक्षर बोटाने चाचपून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी येत नाही. न पाहिलेल्या पुराव्याचा अभिमान फार काळ टिकत नाही, आणि टिकला तर त्याचे रूपांतर हट्टात होते.

आणखी एक गोष्ट. आमच्या वर्गातील अनेक विद्यार्थी बौद्ध कुटुंबांतील आहेत. त्यांच्या आजी-आजोबांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला. बौद्ध धर्म आपल्या घरी त्या वर्षी आला, असे ते समजून होते. आपल्याच जिल्ह्यातील एका टेकडीत दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप होता, आणि त्याच्या कठड्याला साध्या उपासकांनी दाने दिली होती, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्याचे वर्णन करणे मी टाळतो. पवनीच्या शिल्पांपैकी मुचलिंद नागाचा प्रख्यात स्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो परत मागावा, असे मी म्हणत नाही. तेथे तो सुरक्षित आहे आणि देशभरचे लोक तो पाहतात. परंतु ज्यांच्या मातीतून तो निघाला, त्यांनी त्याचे छायाचित्रही पाहिलेले नसावे, हे मात्र बरे नव्हे. उत्खननाचा वृत्तान्त इंग्रजीत आहे. आमचा विद्यार्थी तो वाचू शकत नाही. पवनीविषयी त्याच्या भाषेत त्याला सांगणे हे काम पुरातत्त्व विभागाचे नाही. ते आपले, मराठीच्या अध्यापकांचे, काम आहे.

म्हणून तीन सूचना विचारार्थ ठेवतो. पहिली, पदव्युत्तर मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका वस्तूची किंवा एका कोरीव लेखाची सविस्तर नोंद मराठीत लिहावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने क्षेत्रकार्याला जी जागा दिली आहे, तिचा हा चांगला उपयोग होईल. दुसरी, लोकसाहित्याच्या कोणत्याही संकलनात गीताखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक नसेल, तर ते परिशिष्ट विभागाने स्वीकारू नये. सांगणाऱ्याने नाव देण्यास नकार दिला, तर तशी नोंद असावी. तिसरी, विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील लहान संग्रहांच्या वस्तूंना सविस्तर मराठी टिपणे लिहिण्यासाठी मराठी विभागांनी आपणहून पुढे यावे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. ‘स्थानपोथी’च्या त्या भूमीत या विचाराला विरोध होऊ नये.

या तिन्हींसाठी फारसा पैसा लागत नाही. लागते ती सवय. मोठे संग्रहालय माणसाला नम्र करते, हे खरे. पण तेथे काचेच्या अलीकडे उभे राहावे लागते. लहान विद्यापीठीय संग्रहात खापर उलटे करून पाहता येते, आणि आपले शिक्षण बहुधा त्या उलट्या बाजूवरच लिहिलेले असते.

परतीच्या एस.टी.त तो पवनीकडचा विद्यार्थी माझ्या शेजारी बसला होता. भंडारा ओलांडल्यावर त्याने विचारले, “सर, आता बांधीत खापर निघालं तर काय करू?” मी म्हटले, “आहे तिथेच राहू दे, आणि कुठल्या बांधीत, कोणत्या दिवशी निघालं, ते लिहून ठेव.” माझ्या कच्च्या वह्या मी पुन्हा काढल्या आहेत. ज्या गावांची नावे आठवतात, तेथे जाऊन, ‘एक म्हातारी’ म्हणजे कोण, हे विचारण्यास आरंभ केला आहे. आतापर्यंत चार गीतांखाली चार नावे लिहिता आली. त्यांत त्या विद्यार्थिनीच्या आजीचे नाव अद्याप नाही.