सायकल पायाला की पाय सायकलला?

चप्पल घेताना आपण ती पायात घालतो, दुकानात चार पावले चालून पाहतो. अंगठा टोचला तर दुकानदार कितीही म्हणो, 'वापरून सैल होईल', आपण दुसरा नंबर मागतो. सायकल मात्र आपण रंग, कंपनी आणि भाव पाहून घरी आणतो आणि मग जिच्यासाठी आणली त्या पोरीलाच सायकलच्या मापात बसवायला निघतो. या उलट्या व्यवहाराचे दुखणे शेवटी माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरच्या टेबलासमोर येते, म्हणून आजचा विषय सायकलचा.

"डॉक्टरसाहेब, पोरीचे गुडघे दुखून राह्यले. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून द्या," अशी तक्रार घेऊन येणारे आईवडील मला नवे नाहीत. गुडघ्याला सूज नाही, ताप नाही, पडल्याचे निमित्त नाही. अशा वेळी माझा प्रश्न ठरलेला असतो : शाळेत जाता कशाने? उत्तर 'सायकलने' असे आले की गोळी लिहिण्याआधी मी सायकल पाहायला मागतो. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर सीट अगदी खाली बसवलेली असते, नाही तर सायकलच इतकी मोठी असते की पायडल खाली गेले की कंबर त्या बाजूला झुकते. दोन्हींत दोष हाडांचा नाही, मापाचा आहे.

आपल्या देशातील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. पुरुषाची १६५ सेंटिमीटरच्या जवळपास. पाच फूट उंचीच्या व्यक्तीच्या पायांची आतल्या बाजूची लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे माप, साधारण २७-२८ इंच भरते. आता आपली जुनी दांडीची सायकल आठवा. तिची मापे दोन, २२ इंची आणि २४ इंची. हे इंच चाकाचे नव्हेत, सांगाड्याचे. चाके दोन्हींना २८ इंचीच. या सायकलची आडवी दांडी जमिनीपासून सुमारे ३२ ते ३४ इंचांवर येते. ज्याच्या पायाची लांबी २८ इंच, त्याने ३२ इंचांवरच्या दांडीवरून टांग टाकायची! म्हणूनच आपल्यापैकी कित्येक जण दांडीखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकले. त्याची आठवण आपण कौतुकाने सांगतो. पण कैची ही कसरत होती, ती सायकल चालवण्याची रीत नव्हे.

लेडीज सायकलने दांडीचा प्रश्न बराचसा सोडवला, पण सगळा नाही. शिवाय मापाच्या बोलीत एक घोळ आहे. जुन्या सायकलचा '२४' हा सांगाड्याचा आकडा, तर आजच्या मुलांच्या सायकलवरचा '२४' हा चाकाचा. वडील आपल्या जुन्या हिशोबाने '२४ म्हणजे मोठी' समजतात आणि मुलीसाठी २६ मागून घेतात, कारण 'पोरगी वाढत्या अंगाची आहे, दोन वर्षे जास्त टिकेल'. फ्रॉक वाढत्या मापाचा शिवला तर फक्त ढगळ दिसतो. सायकल वाढत्या मापाची घेतली तर ती दोन वर्षे मुलीला पाडते.

सीटबद्दलही एक समज घट्ट बसला आहे : सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. नवशिक्याला पहिले आठ-पंधरा दिवस हे ठीक आहे. त्यानंतरही सीट तितकीच खाली राहिली तर प्रत्येक फेरीला गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो, वाटीवर दाब येतो आणि गुडघ्याचा पुढचा भाग दुखू लागतो. उलट सीट फार वर असेल तर गुडघ्याची मागची बाजू आणि कंबर दुखते. हँडल लांब पडले तर मान आखडते आणि तळहातावर भार येऊन करंगळीकडच्या बोटांना मुंग्या येतात. जिथे दुखते, तिथून सायकलचा दोष बराचसा ओळखता येतो.

थांबताना सीटवरच बसून राहायचे नसते. सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर घ्यायचा असतो. आणि बुटक्या माणसाचे घोडे इथेच अडते. पुढे उतरायला दांडीच्या वर जागा नसेल तर तो घाबरून सीट खाली करतो, आणि सीट खाली केली की गुडघे जातात. सीटची उंची पान्याने बदलता येते, सांगाड्याची बदलता येत नाही. म्हणून आधी सांगाडा पाहायचा, मग सीट, मग हँडल. चाकाचा आकार आणि रंग त्यानंतर.

हे पाहायला कुठलेही यंत्र लागत नाही. घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाड वही दोन्ही पायांमध्ये वर सरकवून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. हे माप कागदावर लिहून दुकानात न्या. तिथे सायकल दोन पायांत घेऊन उभे राहा. दांडी आणि शरीर यांत एक-दोन इंच मोकळी जागा हवी, खडबडीत रस्त्यावर चालवायची असेल तर दोन इंच हवीच. मग मिस्त्रीला सायकल धरायला सांगून सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर झुकता कामा नये. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकतो. ही सीटची योग्य उंची. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे. शेवटी ब्रेक पाहा. सीटवर बसून, हँडल न सोडता, दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता आला पाहिजे. लहान हातांना ब्रेकची मूठ लांब पडते. पुष्कळ मुठींना ती जवळ घेण्याचा एक लहान स्क्रू असतो, तो मिस्त्रीकडून फिरवून घ्या.

हल्ली शहरांतील मोठ्या दुकानांत 'ग्रॅव्हल बाईक' नावाची सायकल आली आहे आणि आपल्याकडची तरुण मुलेही तिची चौकशी करतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. खाली वळलेले हँडल, ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर, चढावासाठी हलके गिअर, अशी ही सायकल. आमच्या पांदण रस्त्यांवर तिचे नाव ऐकून हसू येते, कारण मुरमावरून सायकल हाणण्यात वडनेरच्या माणसाची हयात गेली आहे! पण सायकल चांगली आहे, आणि ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. फक्त पाच-सव्वापाच फूट उंचीच्या माणसाने चार गोष्टी जपाव्यात. एक, दुकानातला उंचीचा तक्ता शेवटचा शब्द मानू नये. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, तर दुसऱ्याचे धड लांब असते. दोन, या सायकलला बहुधा ७०० नंबरची मोठी चाके असतात. लहान सांगाड्यात ती बसवली की हँडल वळवताना चवडा पुढच्या चाकाला लागू शकतो. दुकानातच हँडल वळवून पाहावे. ६५० नंबरची थोडी लहान चाके असलेली सायकल मिळाली तर बुटक्या माणसाला ती बरी. तीन, पायडलच्या दांड्याची, म्हणजे क्रँकची लांबी विचारावी. सर्वसाधारण क्रँक १७० मिलिमीटरचा असतो. आखूड पायांना १६५ किंवा त्याहून कमी चांगला, गुडघा कमी दुमडतो. चार, हँडल लांब पडते म्हणून सीट पुढे ओढून काम भागवू नये. त्याने हात सुखावतात आणि गुडघे रडतात. हँडलचा जोड आखूड बसवून घ्यावा.

हा त्रास फक्त आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या अभियंता बाईंनी १९८५ साली खास स्त्रियांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली. लहान सांगाडा नीट बसावा म्हणून त्यांनी पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान, २४ इंची केले. लोकांना ती सायकल विचित्र दिसली, पण बायकांना ती चालवता आली. बाईंनी बायकांची उंची वाढवण्याचे औषध शोधले नाही, चाक लहान केले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मुलीची सायकल हा खेळाचा किंवा हौसेचा विषय नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून, तो ज्या तालुक्यांत लागू आहे तेथे, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ साली ते ५ हजार रुपये झाले. पैसे मुलीच्या खात्यात येतात, ही या योजनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट, कारण सायकल निवडायला मुलीला स्वतः दुकानात जाता येते. पण जाते कोण? वडील, नाही तर काका. मुलगी घरी वाट पाहते.

न जमणारी सायकल घरात पडून राहते. मुलगी सांगत नाही की पाय पुरत नाही, ती म्हणते, "मला नाही जायचं सायकलने." मग पायपीट, मग उशीर, मग गैरहजेरी, आणि एक दिवस घरात कोणी तरी म्हणते, "राहू दे आता शाळा." आमच्या वडनेरजवळून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. ट्रकमागून ट्रक धावणाऱ्या रस्त्याच्या कडेला अचानक थांबताना जिचा पाय जमिनीला पोचत नाही, तिच्या बाबतीत मापाची चूक गुडघ्यापुरती राहत नाही.

म्हणून शाळांना माझी एक सूचना आहे. सायकलची पावती तपासणे ठीकच आहे, पण व्यायामाच्या शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला एक पाना घेऊन अर्धा तास मैदानात काढावा. प्रत्येक मुलीला तिच्या सायकलवर बसवून सीट आणि ब्रेक पाहावेत. मुले वर्षभरात बोट-दोन बोटे वाढतात, तेव्हा दिवाळीनंतर पुन्हा एकदा पाहावे. याला निधी लागत नाही, परिपत्रकाचीही वाट पाहायला नको.

आणि पालकांना विनंती : सायकल घ्यायला हिंगणघाटला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. तिला बसू द्या, उतरू द्या, दुकानासमोर एक चक्कर मारू द्या. ती म्हणाली 'मोठी होते', तर लहान घ्या. दोन वर्षांनी ती उंच झाली तर सायकल धाकटीला होईल. बुटकेपणा हा आजार नाही, त्यावर माझ्याकडे गोळी नाही. मापाची सायकल मात्र दुकानात मिळते.