वरच्या दाढेतली चौथी नळी

वरच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात, दोन गालाकडची आणि एक टाळूकडचे. तीन मुळे म्हणजे तीन नळ्या असे कोणालाही वाटेल, पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या निघतात. ही जादा नळी, दंतवैद्यांच्या बोलीत 'एमबी-टू', अतिशय बारीक असते आणि डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, कडेखाली दडलेली असते. ती हाती लागली नाही तर रूट कॅनाल होते, कॅप बसते आणि जंतू मात्र आत तसेच राहतात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तीच दाढ पुन्हा ठणकू लागते.

साध्या एक्स-रेत तिन्ही मितींची दाढ एका सपाट चित्रात येते, त्यामुळे पुढच्या नळीआड मागची लपते. किरणांचा रोख थोडा तिरपा धरून दुसरा एक्स-रे काढला तर नळ्या वेगळ्या दिसू शकतात. पण वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची आणि सायनसची छाया पडते. सीबीसीटी (कोन-बीम सीटी) या त्रिमितीय स्कॅनमध्ये दाढेचे हवे तिथे आडवे-उभे काप पाहता येतात. मग प्रत्येक दाढेच्या रूट कॅनालआधी स्कॅन का करू नये?

स्कॅनच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा दाढ वाचवण्याचा आहे. नळी आहे की नाही हे ठाऊक नसताना ती शोधायची म्हणजे दाढेचा तळ कोरत जायचे. त्यात निरोगी डेंटिन खर्ची पडते आणि हात चुकला तर तळाला भोक पडते. नळी कुठे आहे हे आधी कळले तर हे टळते. ती नाहीच असे दिसले तर कोरणे कुठे थांबवायचे तेही कळते. हा मुद्दा आम्हाला पटतो.

दुसऱ्या बाजूला किरणांची मात्रा आहे. एका दाताच्या साध्या एक्स-रेची मात्रा साधारणपणे 10 मायक्रोसिव्हर्टच्या आत राहते. लहान क्षेत्राच्या, म्हणजे मोजक्या दातांपुरत्या, सीबीसीटीत ती काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत जाऊ शकते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे 2400 मायक्रोसिव्हर्ट मिळतात, तेव्हा एका स्कॅनने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सरसकट नियम केला की एका रुग्णाचा हिशेब अपुरा पडतो. तो लाखो माणसांचा होतो, आणि त्यांत किरणांना अधिक संवेदनशील असलेली मुलेही येतात. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालचे तज्ज्ञ) आणि दंत-रेडिओलॉजिस्ट यांच्या संघटनांनी 2015 मध्ये सुधारलेल्या संयुक्त निवेदनातही पहिली पायरी साधा एक्स-रेच आहे. गुंतागुंतीची रचना किंवा सुटलेल्या नळीचा संशय असेल, तर लहान क्षेत्राचा स्कॅन त्यांनाही मान्य आहे.

आता अभ्यासाकडे येऊ. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांत रबर भरून, भोवतीचा दात विरघळवून नळ्यांचे साचे मिळवले होते. ते साचे पाहिलेला माणूस 'एका मुळात एक नळी' असे पुन्हा म्हणणार नाही. 2006 च्या एका आढाव्यात 34 अभ्यासांतल्या वरच्या 8399 पहिल्या दाढांचा हिशेब मांडला गेला. गालाकडच्या पुढच्या मुळात दोन वा अधिक नळ्यांचे प्रमाण सरासरी 56.8 टक्के निघाले. पण प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ते 60.5 होते आणि रुग्णांवरच्या अभ्यासांत 54.7. म्हणजे नळीची गणती दाढेइतकीच शोधण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते. वंशानुसारही फरक पडतो. खालच्या पहिल्या दाढेला तिसरे मूळ असणे पूर्व आशियात बऱ्याच जणांत आढळते, युरोपात विरळा. म्हणून परक्या लोकसंख्येची टक्केवारी आपल्या खुर्चीवरच्या रुग्णाला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि आपल्याकडच्या दाढांचा अभ्यास व्हायलाच हवा.

त्यासाठी नव्याने कोणावर किरण सोडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. इम्प्लांटसाठी, अक्कलदाढेसाठी काढलेले स्कॅन महाविद्यालयांत साठलेले असतात. संमती घेऊन, ओळख पुसून ते वापरता येतात. मात्र असे स्कॅन साऱ्या समाजाचा नमुना होत नाहीत, हे निष्कर्षात लिहायला हवे. रुग्णांचे वयही द्यावे, कारण वयाबरोबर नळ्या अरुंद होतात आणि साठीतल्या दाढेत असलेली नळीही स्कॅनमधून निसटू शकते. नळीत आधी भरलेले जुने गुट्टापर्चा किंवा धातूची कॅप असेल तर चित्रात पट्टे उमटतात आणि नसलेली नळी असल्यासारखी भासते.

रुग्णापुरते आमचे म्हणणे असे: पहिल्या उपचारात आधी तिरपा एक्स-रे आणि शक्य तिथे मायक्रोस्कोप वापरावा, तरी शंका उरली तर, आणि दुसऱ्यांदा रूट कॅनाल करायचे असेल तर बहुधा सुरुवातीलाच, त्या एका दाढेपुरता स्कॅन करावा. एका दाढेसाठी अख्ख्या जबड्याचा स्कॅन कोणी लिहून दिला तर रुग्णाने कारण विचारावे. तालुक्याच्या गावातून स्कॅनसाठी जिल्ह्याला जाणाऱ्याचा एका दिवसाचा रोजगारही बुडतो. अशा माणसाच्या हाती नुसता छापील कागद देऊ नये, स्कॅनची मूळ फाइल द्यावी. उद्या तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर तीच फाइल उघडून दाढ पाहता येईल.