दिवा लुकलुकला म्हणजे चाचणी झाली असे नव्हे

स्वदेशी प्रोसेसरची बातमी आली की आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या रास्तच आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’, एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झालेला ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रम ही खरी कमाई आहे. परंतु प्रोसेसर बाहेरच्या जगाला स्पर्श करतो तो पिनांमधून. त्या पिना हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी कशी झाली, हे ना बातमीदार विचारतो, ना परीक्षक. एलईडी जोडला, तो लुकलुकला, जर्नलवर सही झाली! याला प्रात्यक्षिक म्हणावे. चाचणी म्हणू नये.

लिनक्समधील पिना हाताळण्याची जुनी ‘सिसएफएस’ पद्धत २०१६ मध्येच कालबाह्य ठरली. त्याच वर्षी कर्नलच्या ४.८ आवृत्तीने कॅरेक्टर डिव्हाइसचा नवा मार्ग दिला आणि ‘लिबजीपीआयओडी’ हा युजरस्पेसमधील साधनसंच त्यावर उभा राहिला. जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी पिन अडकून राही. नव्या पद्धतीत ती आपोआप मोकळी होते. मात्र मोकळी झालेली पिन कोणत्या स्थितीत राहील, याची सर्वसाधारण हमी नाही. तिला एलईडी जोडलेला असेल तर काही बिघडत नाही. विहिरीवरील पंपाचा रिले जोडलेला असेल, तर बिघडते.

म्हणून खरी चाचणी यशाची नव्हे, अपयशाची घ्यावी लागते. दुसऱ्या ड्रायव्हरने धरलेली पिन मागितली, तर साधन स्पष्ट नकार देते का? अस्तित्वात नसलेला क्रमांक दिला तर? शून्य म्हणजे ‘चालू’ अशी उलटी जोडणी असेल, तर अर्थ बरोबर लावते का? संकेत वेगाने बदलले, तर एखादी घटना गळते का? काम चालू असताना प्रोग्रॅम मारला तर?

‘आमच्या महाविद्यालयात बोर्डच नाहीत’ ही सबब आता चालणार नाही. मार्च २०२२ च्या ५.१७ आवृत्तीपासून कर्नलमध्येच ‘जीपीआयओ-सिम’ आहे. ते आभासी पिना निर्माण करते. एका बाजूने पातळी बदलायची, दुसऱ्या बाजूने साधनाने काय वाचले ते पाहायचे. लिनक्स असलेला साधा संगणक पुरतो. वरील प्रत्येक प्रश्न तिथे शंभर वेळा, तोही आपोआप, विचारता येतो.

आभासी पिनेवर व्होल्टेज नसते, खऱ्या बटणाची थरथर नसते, हे खरे. तेवढ्यासाठी बोर्ड लागेलच. पण साधनातील दोष आधी वेगळे काढले नाहीत, तर बोर्डावर चूक तारेची की प्रोग्रॅमची, हे शोधण्यात रात्री जातात.

विद्यार्थी मित्रहो, प्रकल्प सादर करताना लुकलुकणाऱ्या दिव्याच्या चित्रफितीसोबत फसलेल्या चाचण्यांची यादी आणि त्यांची दुरुस्ती जोडा. परीक्षकांनी गुण तिलाच द्यावेत. स्वदेशी चिपवर विश्वास घोषणेने बसत नाही. ती कुठे चुकते हे आपणच आधी शोधले, तर बसतो.