ओवी एकच, मापं दोन

मुलांनो, जात्यावरची ओवी तुमच्यापैकी किती जणांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे? गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्याही थांबल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ साली आपल्या मराठवाड्यात, माजलगावलाही हे काम झालं.

आज असं काम तुम्हीसुद्धा करू शकता. एकाकडे मोबाइल, दुसऱ्याकडे छोटा रेकॉर्डर. पण दोन्हींतल्या ओव्या एकत्र करायला गेलं, की कधीकधी आजीचा आवाज एकदम जाड आणि संथ होतो! असं का बरं?

शाळेत आपण दर तासाला तापमान मोजून वहीत लिहितो ना? यंत्रही तेच करतं. आवाजाची लाट ठरावीक वेळाने मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. या एकेका आकड्याला म्हणायचं नमुना. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, व्हिडिओसाठी बहुधा ४८,०००. इतके कशाला? आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि नमुने कंपनांच्या दुपटीहून जास्त लागतात.

आता गंमत बघा. ४८,०००च्या वेगाने घेतलेले नमुने ४४,१००च्या वेगाने वाजवले, तर ६० सेकंदांची ओवी ६५ सेकंद चालते. सूरही खाली उतरतो. आजी तीच, पण ओळखू येत नाही!

मग उपाय? पाचवी-सहावीतला मसावि! दोन्ही संख्यांचा मसावि ३००. ४८,००० म्हणजे ३०० गुणिले १६०, आणि ४४,१०० म्हणजे ३०० गुणिले १४७. म्हणून दर १६० जुन्या नमुन्यांच्या जागी १४७ नवे हवेत. नुसते १३ फेकून दिले तर आवाज खरखरतो. आलेखावर तापमानाचे ठिपके वळणदार रेषेने जोडले, की साडेनऊचं तापमान अंदाजे काढता येतं. संगणक नवे नमुने साधारण तसेच काढतो. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रॅममध्ये हे घरीही करता येतं.

दुसरी गोष्ट फाइलच्या प्रकाराची. सीडीच्या दर्जाची एक मिनिटाची 'वेव्ह' फाइल साधारण साडेदहा एमबीची. तीच साध्या 'एमपी-थ्री'त एक एमबीच्या आसपास. कारण कानाला सहसा न जाणवणारा भाग एमपी-थ्री गाळून टाकते. तिची पुन्हा वेव्ह केली, तर फाइल फुगते. पण गाळलेलं परत येत नाही. पिठाचे पुन्हा दाणे होतात का?

म्हणून पालकांनो, मूळ फाइल तशीच जपा. सगळ्यांना पाठवायला वेगळी प्रत करा. आणि मुलांनो, सुट्टीत आजोळी गेलात की आधी दोन्ही यंत्रं एकाच दरावर लावा. सुरुवातीला आजीचं नाव, गाव, तारीख मोठ्याने बोला. आवाज सांभाळायचा असेल तर आत्ताच. नंतर आजीला विचारता येईलच असं नाही.

डोकं चालवा : ४८,०००ची फाइल ३२,०००वर आणायची आहे. दर किती जुन्या नमुन्यांच्या जागी किती नवे? उत्तर पुढच्या अंकात!