शाखा आणि खोड

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या पुतण्याचें तोंड दोन दिवस उतरलेलें होतें. ज्या मुक्त संगणक-प्रणालीस तो हौसेनें हातभार लावतो, तिच्या चालकांनीं त्याचें दोन महिन्यांचें काम परत पाठविलें होतें. "काका, लिखाण चूक नव्हतें हो, शाखा जुनी झाली होती!" तो म्हणाला. "असलें फुकटचें काम सोडून दे," असें आम्ही बोलून गेलों. परंतु शाखा हा शब्द ऐकून कुतूहल जागें झालें.

मुक्त प्रणालीची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी व ठरल्या अटींवर वांटावी. लिनक्स हें तिचें ठळक उदाहरण. हेलसिंकी येथें विद्यार्थी असतां लिनस टोर्वाल्ड्स यांनीं तें १९९१ सालीं आरंभिलें, आणि अनेक हातांचें लिखाण सांभाळण्याकरितां २००५ सालीं गिट हें साधनही त्यांनींच रचलें. गिटमध्यें मूळ खोडास धक्का न लावतां प्रत्येकानें आपली शाखा काढावी, आणि काम पारखून घेऊन तें खोडांत मिळवावें. लिनक्सची आवृत्ति निघाली म्हणजे सुमारें दोन आठवडे नव्या कामास द्वार उघडें असतें. विभागांचे पालक आधीं तपासलेल्या शाखा त्या वेळीं पाठवितात. पुढें केवळ दोषनिवारण, आणि नऊ-दहा आठवड्यांनीं पुढली आवृत्ति.

पुतण्यानें दोन महिने खोडाकडे पाहिलेंच नाहीं. तोंवर त्याच ओळी इतरांनीं बदलल्या. शिवाय एकाच शाखेंत दोषाची दुरुस्ती आणि नवी सोय दोन्ही कोंबल्या. एक पसंत, दुसरी नापसंत, तर निवडीत कोणीं बसावें? चालकांनीं हें चार ओळींत, न रागावतां कळविलें होतें.

वेदशाखा आपापल्या परंपरेनें स्वतंत्र राहिल्या, व त्यांतच त्यांचें रक्षण झालें. या शाखेचा धर्म उलट आहे: तिनें परतण्यासाठींच निघावें. म्हणून ती एकाच कामाची व अल्पायुषी असावी, आणि खोडांतील नवें तिनें वरचेवर आपल्यांत घ्यावें.

पुतण्यानें नव्या खोडावरून दोन वेगळ्या शाखा काढल्या. दुरुस्ती त्याच्या नांवानें स्वीकारली गेली; सोय अद्याप विचाराधीन आहे. आमचा उपदेश त्यानें मानला नाहीं, हें बरेंच झालें.

वाचकहो, घरांतील तरुणांनीं वेगळा विचार अवश्य करावा. परंतु वडीलधाऱ्यांशीं त्यांचें बोलणें रोज होत असावें. वर्षांचें अंतर एका बैठकींत भरून काढणें कठीण. आणि नकार द्यावा लागलाच, तर वडिलांनींही कारण सांगावें. तेवढ्या चार ओळी आम्हीं आजवर किती वेळां सांगितल्या, याचा आम्ही सध्यां विचार करीत आहों.