धडधडणाऱ्या पद्मिनीचं कौतुक बंद करा

रील जेमतेम तीस सेकंदांचं असतं. प्रीमियर पद्मिनी जागेवर उभी. बॉनेट उघडं. इंजिन चालू, पण सरळ चालत नाही. अडखळत, थांबतंय की काय असं वाटायला लावत, अख्खी गाडी हलवत धडधडतंय. खाली दोनच शब्द : ‘रेस कॅम’. मग आगीच्या इमोजींचा पाऊस.

मला त्या आवाजात मेलेला पिकअप ऐकू येतो. कारण तो आवाज मी स्वतः पैसे मोजून विकत घेतला होता, आणि बसवला होता बाबांच्या गाडीत.

म्हणून आधीच सांगतो, हा लेख तटस्थ नाही. रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीत रेसचा कॅमशाफ्ट घालणं ही नासधूस आहे, आणि तिला शौक म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे कॅम विकत घेईपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं. इंजिनाच्या पोटात फिरणारा एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वॉल्व्ह उघडतो. वॉल्व्ह किती उघडणार, कधी उघडणार, किती वेळ उघडा राहणार हे सगळं त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. इंजिनाचा स्वभाव तिथे ठरतो.

वॉल्व्ह किती वेळ उघडा, हे क्रँकच्या अंशांत मोजतात. साध्या घरगुती इंजिनात हा आकडा साधारण 230 ते 250. रेसच्या कॅममध्ये 300 च्या आसपास. कागदावर मोठा आकडा छान दिसतो. पण पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाला तरी या कॅमचा इनलेट वॉल्व्ह बराच वेळ उघडा असतो. सहा हजार आरपीएमला आत धावणाऱ्या हवेला इतका वेग असतो की ती तरीही आत शिरत राहते. दोन हजाराला तो वेग नसतो. मग पिस्टन आत घेतलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत बाहेर ढकलतो. दाबायला मालच कमी उरला, तर जोर कुठून येणार?

आणि ती धडधड? एक्झॉस्ट वॉल्व्ह बंद व्हायच्या आत इनलेट उघडतो, दोन्ही काही काळ एकदम उघडे राहतात. स्लो स्पीडला जळालेला धूर उलटा इनलेटमध्ये शिरतो, ताजं मिश्रण नासतं, मध्येच एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. म्हणजे ज्याला आपण ‘काय आवाज आहे!’ म्हणतो, तो त्या वेगाला नीट जळत नसलेल्या इंजिनाचा आवाज आहे. रेसच्या गाडीला त्याने फरक पडत नाही, ती स्लो स्पीडला राहतच नाही. आपण मात्र सिग्नलला उभे असतो.

आता पद्मिनीचं इंजिन बघा. मूळचं इटलीच्या फियाट 1100 चं. 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, 1089 सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. क्रँकला मेन बेअरिंग तीनच. एकच छोटा कार्बोरेटर. चारही चाकांना ड्रम ब्रेक. चौथ्या गिअरमध्ये साठच्या वेगाला हे इंजिन अडीच हजारांच्या आतबाहेर फिरतं. या गाडीचं सगळं आयुष्य दीड ते साडेतीन हजारांच्या मध्ये जातं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी चार माणसं आणि टपावर सामान घेऊन ती वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात चालवली. त्या पट्ट्यातला जोर काढून घ्यायचा आणि जिथे हे इंजिन कधी जातच नाही तिथे नेऊन ठेवायचा, याला अपग्रेड कसं म्हणायचं?

मी म्हटलं. गॅरेजमध्ये मला विचारलं गेलं, ‘माइल्ड पाहिजे का फुल रेस?’ अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर उत्तर काय येणार! गाडी कोण चालवतं, कुठे चालवतं, कॉम्प्रेशन किती आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. टायमिंगची जुनी खूण जुळवून कॅम बसवला गेला, डिग्री व्हील लावून मोजला नाही. चेन ताणलेली असेल तर खूण जुळूनही टायमिंग काही अंश मागे पडतं, हे मला नंतर कळलं.

आमचं गाव वाईजवळ. बाबा पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये, बोलत बोलत चढायचे. नव्या कॅमनंतरच्या पहिल्याच खेपेला दुसऱ्यात गाडी मरायला लागली. पहिला टाकून इंजिन ओरडवत ठेवावं लागलं. वळणावर मागे एसटी, पुढे ट्रक, क्लचचा जळका वास. पाचगणीला पोचल्यावर बाबांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही आता तूच चालव.” रागावले नव्हते. त्यानंतर ते त्या सीटवर बसलेले नाहीत.

कॅम परत बदलायचा, एवढंच ना? इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे असे कॅम बहुतेकदा नव्या लोखंडातून बनत नाहीत, जुनाच कॅम घासून बनवतात. उंचवट्याची उंची वाढवायची तर धातू चिकटवत नाहीत, उंचवट्याच्या मागचा गोल भाग घासून लहान करतात. वरचा कडक केलेला थर पातळ असतो, तो घासण्यात जाऊ शकतो. आणि घासलेला धातू परत येत नाही. मी आमचा मूळ कॅम ‘एक्स्चेंज’मध्ये दिला होता. तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी रीलमध्ये धडधडत असेल.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळीपिवळी पद्मिनी शहरातून गेली. गाड्या गेल्या की त्यांचे पार्ट भंगारात जातात. कुर्ल्याचा कारखाना नवे कॅम पाठवणार नाही. प्रत्येक ‘फुल रेस’मागे एक चांगला मूळ कॅम कायमचा कमी होतो.

यावर मित्र म्हणतात, गाडी माझी, पैसे माझे. मान्य. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच फियाट रेसला पळायच्या, त्या बांधणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांनी कॅमसोबत कॉम्प्रेशन वाढवलं, स्प्रिंगा, कार्बोरेटर, एक्झॉस्ट, गिअरिंग सगळं बदललं. त्यांना शर्यत होती. तुम्हाला आहे का?

दुसरे म्हणतात, मग काहीच करायचं नाही? करा की. आधी कॉम्प्रेशन तपासा, वॉल्व्ह बसवून घ्या, कार्बोरेटर आणि इग्निशन टायमिंग नीट करा. मरगळलेली बहुतेक इंजिनं एवढ्यानेच जागी होतात. तरीही कॅम हवाच असेल तर मूळच्यापेक्षा दहा-पंधरा अंशच जास्त घ्या. विकणाऱ्याला विचारा : अंश कोणत्या लिफ्टला मोजलेत? इनलेट तळानंतर किती अंशांनी बंद होतो? जोर कितीपासून सुरू होतो? उत्तर ‘आवाज ऐका ना’ असं आलं, तर उठा. टॅपेट नवे किंवा नीट फेस केलेलेच घाला. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं दोन हजारांच्या आसपास ठेवा, स्लो स्पीडला सोडू नका, नाहीतर नवा कॅम तिथेच खाल्ला जाईल. आणि मूळ कॅम कुणालाही देऊ नका. ग्रीस लावून, कापडात गुंडाळून घरी ठेवा.

मी सध्या स्टँडर्ड कॅम शोधतोय. आतापर्यंत तीन पाहिले. दोन झिजलेले होते, तिसरा कुणीतरी आधीच घासलेला. बाबा आता एसटीने गावाला जातात. कॅम मिळेल तेव्हा मीच बसवणार आहे, या वेळी मोजून. मग गाडी वाईपर्यंत मी नेईन, आणि घाटाच्या पायथ्याशी किल्ली त्यांना देऊन बघेन.