बोर्ड लावला, जबाबदारी संपली?

पावसाळा आला की आम्हा कोल्हापूरकरांच्या दोन गोष्टी ठरलेल्या. राधानगरीचे दरवाजे कधी उघडणार यावर पैजा लावायच्या आणि रविवारी गाडी काढून घाटाकडं सुटायचं. राऊतवाडी, बर्की, गगनबावडा, आजऱ्याचं रामतीर्थ, आंबोली... यादी प्रत्येकाची पाठ. गेल्या काही वर्षांत यात तिसरी गोष्ट आलीय. बंदी. कधी या तालुक्यात, कधी त्या जिल्ह्यात. पूर्वी याला कलम 144 म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 झालंय. नंबर बदलला, डोकं तेच.

आज याच बंदीवर बोलायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. "पाण्याजवळ जाऊ नका" ही सुरक्षा नव्हे, ही सुटका आहे. प्रशासनाची सुटका, आणि त्याहून जास्त तुमची-माझी.

आधी बंदीच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करून टाकू. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मधोमध खडकावर एकमेकांना धरून उभी माणसं, आजूबाजूला वाढणारं पाणी, आणि काठावर ओरडण्यापलीकडं काही करू न शकणारी गर्दी. तो बघून कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याचा हात बंदीच्या कागदाकडं जाणारच. रेड अलर्टच्या दिवशी सगळे धबधबे बंद ठेवा, माझा अनुमोदनाचा हात वर.

पण त्यापुढं काय? 15 जून 2025 ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा बोर्ड तिथं होता की! बोर्ड वाचता न येणारी माणसं होती का ती? नाही हो. आपल्याकडं बोर्ड इतके आहेत आणि इतक्या ठिकाणी तेच ते लिहिलेलं आहे, की त्यांचा अर्थच गेलाय. आमच्या धंद्यात ज्या सिस्टिममध्ये रोज पाचशे वॉर्निंग येतात, तिथं एकही वॉर्निंग कुणी वाचत नाही. पाचशेएकावी खरी असते.

गेल्या जुलैत आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो. आई-बाबा, काका-काकू, बायको, आणि चार चुलत-आत्ते भावंडं. राधानगरी, तिथून गारगोटीवरून आजरा, पुढं आंबोली असा दोन दिवसांचा बेत. वाटेत एका ओढ्यावर थांबलो. ठिकाणाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं बोर्ड होता : "धोकादायक ठिकाण. पाण्यात उतरण्यास सक्त मनाई." आणि त्याच बोर्डाखाली पार्किंगची पावती फाडणं चालू होतं. म्हणजे आत येण्याचे पैसे द्या, आणि बुडालात तर बोर्ड लावला होताच!

तिथं कणसं भाजणारा एक पोरगा होता, सतरा-अठराचा असेल. तो काकांना म्हणाला, "काका, त्या काळ्या दगडाच्या पुढं जाऊ नगा, खाली कपार हाय. आन पाणी गढूळ झालं की लगेच भाईर या." बस्स. एवढं एक वाक्य त्या अख्ख्या बोर्डाला भारी होतं. कुठं, का आणि कधी, तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात होती. बोर्डात एकाचंही नव्हतं.

गढूळ पाण्याचं जरा समजून घ्या. तुम्ही उभे असता तिथं ऊन पडलेलं असतं, पाऊस वर सड्यावर पडत असतो. तो खाली पोचायला काही मिनिटं पुरतात. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग पानं-काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. ही पाण्याची भाषा आहे. तसंच धबधब्याच्या पायथ्याचं. तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते माणसाला नेहमीसारखं तोलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथं दमतो. यातलं कुठल्या बोर्डावर असतं? कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि आता सगळ्यात टोचणारा भाग. आमच्या दहा जणांत पोहता येणारे किती? तीन. बाबा, काका आणि मी. बाबांचं वय 68. सगळ्यात तरुण चौघं, त्यांतले तिघं आयटीत, पोहण्याच्या बाबतीत शून्य. बुडायची वेळ आली असती तर 68 वर्षांच्या माणसानं 25 वर्षांच्या पोराला बाहेर काढायचं, असा हा हिशेब. तुमच्या गाडीतला हिशेब वेगळा आहे का, एकदा बघा.

कोल्हापूरसारख्या गावात हे व्हावं? हे नदीचं आणि तळ्यांचं गाव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची मिळून पंचगंगा. बाबांच्या पिढीला पोहायला कुणी "शिकवलं" नाही. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधला आणि काकानं विहिरीत ढकललं, झाला कोर्स :-) उन्हाळ्यात विहीर, एरवी पंचगंगेचा घाट. सूर कसा मारायचा, मुटका कसा मारायचा आणि पूर चढायला लागला की गप घरी कधी बसायचं, हे सगळं एकाच शाळेत. याच गावचा वीरधवल खाडे 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि 2010 ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ घेऊन आला.

मग ती शाळा बंद कुणी पाडली? आपणच. विहिरी बुजवल्या, बोअर मारली. रंकाळ्यात सांडपाणी सोडलं, केंदाळ माजवलं. जयंती नाला पंचगंगेत नेऊन मिसळला. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली, तरी नदीचं रडगाणं संपलेलं नाही. आज कुठली आई पोराला पंचगंगेत उतरू देईल? देऊही नये. म्हणजे झालं काय, तर रोजचं, ओळखीचं, संथ पाणी आपण घाण करून गमावलं. पाण्याची ओढ मात्र गेली नाही, ती कशी जाईल? म्हणून ती ओढ घेऊन आपण वर्षातून दोनदा अनोळखी, वाहत्या, पावसाळी पाण्याकडं जातो. अंगात जीन्स, हातात मोबाईल, आणि पोहता येत नाही. बुडणं इथंच सुरू होतं.

एनसीआरबीच्या आकड्यांत 2022 या एका वर्षात देशात बुडून गेलेल्यांची संख्या 38 हजारांहून जास्त आहे. हे सगळे काही सेल्फीवाले नाहीत. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, शेततळ्यात पडलेली लेकरं, गणपती विसर्जनाला गेलेली पोरं. जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय की शाळकरी वयातच पोरांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षा शिकवा. हॉलंडमध्ये पोरांची पोहण्याची परीक्षा अंगावर कपडे घालून घेतात. कारण माणूस पाण्यात पडतो तेव्हा पोहण्याचा ड्रेस घालून पडत नाही. किती साधी गोष्ट! आपण अबॅकसला पैसे भरतो, आठव्या वर्षी कोडिंगच्या क्लासला घालतो. पोरगं पायथन शिकतं, पाण्यावर पाठीवर पडून राहायला शिकत नाही.

"जिथं लोकांना शिस्तच नाही तिथं बंदीच हवी," असं म्हणणारे बरेच भेटतात, विशेषतः एसी मीटिंग रूममध्ये. दारू पिऊन धबधब्याखाली नाचणाऱ्यांबद्दल मलाही ममत्व नाही, त्यांना जरूर दंड करा. पण 8 जून 2014 ला हिमाचलात बियास नदीत हैदराबादचे 24 इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले ते बेशिस्तीनं नव्हे. वर लारजी धरणातून पाणी सोडलं होतं आणि खाली त्यांना ते माहीत नव्हतं. आपल्याकडंही डिसेंबर 2021 मध्ये राधानगरीच्या दुरुस्तीच्या कामात सेवाद्वार अडकलं आणि भर हिवाळ्यात भोगावतीत लोंढा आला. पावसाळ्यापुरती बंदी घालून डिसेंबरचं पाणी अडतं का? माणसं माहितीअभावी मरतात.

आणि माहिती नाही असं थोडंच आहे? राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक पाणी. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पूर आला की आख्खं गाव फुटाफुटानं पाणी मोजतं. मग तोच शहाणपणा धबधब्यांना आणि डोहांना का लावत नाही?

माझा एक कॉलेजचा मित्र ऑस्ट्रेलियात असतो. बायको-पोरांना घेऊन डार्विनहून लिचफिल्ड पार्कला गेला होता. तिथं दऱ्यांत, धबधब्यांखाली पोहायचे डोह आहेत. बरं, त्या भागात मगरी! (हसू नका, आपल्याकडं सांगलीच्या कृष्णेतही आहेत.) पण "पार्क बंद" असा एकच बोर्ड ठोकून ते मोकळे झाले नाहीत. कुठला डोह आज उघडा, कुठला बंद, हे एकेका ठिकाणाचं वेगवेगळं जाहीर होतं. पावसाळ्यात वांगी फॉल्सचा डोह बंद असतो तेव्हा दुसरा एखादा उघडा असू शकतो. त्यामुळं बंदीला किंमत राहते. उगाच बंद करत नाहीत हे ठाऊक असलेला माणूस ती पाळतो. एवढं लांब नको असेल तर गोवा बघा. 2008 पासून तिथल्या किनाऱ्यांवर सरकारनं नेमलेले जीवरक्षक आहेत. समुद्राला बोर्ड लावून गोवा घरी बसला नाही.

तर मागणी काय? प्रत्येक ठिकाणाची रोज चार ओळींची माहिती द्या : उघडं की बंद, का, कुठपर्यंत जायचं, कधीपर्यंत. हवामान खात्याचा इशारा आहे, धरणाच्या विसर्गाचा आकडा आहे, गावातला माणूस आहे. हे जोडणं दोन वीकेंडचं काम आहे, टेंडर काढायची गरज नाही. पार्किंगच्या पावतीतून गावातले दोन पट्टीचे पोहणारे पगारावर ठेवा. दोर आणि ट्यूब झाडाला टांगून ठेवा. कणसं भाजणाऱ्या त्या पोराला जे कळतं त्याचे पैसे त्याला मिळू देत. बंदी आली की त्याची कणसंही विकायची राहतात, हे कुणाच्या आदेशात नसतं.

हे सरकारचं झालं. आपलं काम त्याहून सोपं आणि म्हणूनच टाळलेलं. पुढच्या पावसाळ्याला अजून वेळ आहे. नवीन एसयूव्हीचं बुकिंग करण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं पोहण्याच्या क्लासला नाव घाला. बायकोचं, आईचं, आणि "आता या वयात कुठं" म्हणणाऱ्या स्वतःचंसुद्धा. आणि पंचगंगेसाठी कुणी मोर्चा काढला तर "ट्रॅफिक झालं" म्हणून नाक मुरडू नका. ज्या दिवशी घाटावर पुन्हा पोरं बिनधास्त मुटके मारतील, त्या दिवशी बंदीचे निम्मे कागद आपोआप रद्दीत जातील.

तोवर बोर्ड लागत राहतील. बोर्डाला पोहता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.